दुखतंय म्हणजे छान

हे मी उभ्याने लिहिते आहे. स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला जिथे भाजी चिरायची जागा होती, तिथे आता लॅपटॉप असतो. त्याच्याखाली डाळीचे रिकामे डबे पालथे घातले की स्क्रीन बरोबर डोळ्यांसमोर येतो. दमले की जाऊन आडवी होते, मग पुन्हा उठते आणि चार ओळी लिहिते. त्यामुळे लिखाणात सलगपणा नसेल तर समजून घ्या. नाही घेतलंत तरी माझी हरकत नाही, मी मूळची नारायण पेठेतली आहे.

ज्यांची कंबर, मान किंवा गुडघा वर्षानुवर्षं दुखतो आहे आणि ज्यांना कोणीतरी 'तुमच्याच पेशींनी तुम्हाला बरं करू' असं सांगितलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तो उपचार घ्या किंवा घेऊ नका हे सांगायला मी डॉक्टर नाही. तो घेतल्यानंतर काय ऐकायचं आणि काय ऐकायचं नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

बसणं

मी आयुष्यभर बसून काम केलं. पुण्यात कॉम्प्युटर ही चपला बाहेर काढून, एसी खोलीत जाऊन बघायची वस्तू होती तेव्हा मी एका कंपनीच्या डेटा विभागात लागले. पुढे सॉफ्टवेअर कंपन्या आल्या तशी मीही तिकडे गेले आणि टेस्टिंगमध्ये स्थिरावले. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. चुका काढायचा पगार मिळतो म्हटल्यावर माहेरी कोणालाच आश्चर्य वाटलं नाही.

माझा नवरा विलास अमरावतीकडचा. अप्रेंटिस म्हणून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आला आणि भरणी विभागाचा सुपरवायझर म्हणून तिथूनच निवृत्त झाला. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणायचे, त्या खोलीबाहेर गेल्या की अरे. खडकीचं क्वार्टर सोडल्यावर आम्ही विश्रांतवाडीत फ्लॅट घेतला. मुलगी ऋता बंगळुरूला आयटीत आहे. एवढंच आमचं कुटुंब.

कंबर कधी दुखायला लागली ते सांगता येत नाही. आधी संध्याकाळी दुखायची, मग दुपारी, मग खुर्चीत टेकल्या टेकल्या. चालताना त्रास कमी आणि झोपल्यावर जवळजवळ नाहीच, पण बसलं की कंबरेत कोणीतरी पहार घालून उचकटतंय असं वाटायचं. हिंजवडीच्या कंपनीच्या बसमध्ये सीट रिकामी असताना मी दांडीला धरून उभी राहायची. नवीन लागलेली मुलं घाईघाईने उठून जागा द्यायची. मी नको म्हटलं की त्यांना वाटायचं बाई फार मानी आहेत.

घरात मी उभ्याने जेवायला लागले. ओट्यावर ताट, समोर खिडकी. विलास टेबलाशी बसायचा आणि मान वळवून माझ्या पाठीशी बोलायचा. सणाला ऋता आली की ते दोघे टेबलाशी आणि मी ओट्याशी. वाढायला सोयीचं पडतं असं मी म्हणायचे. खरं तर मला तिसऱ्या खुर्चीवर बसून, पहिल्या पोळीपासून ताकापर्यंत एक पूर्ण जेवण त्यांच्याबरोबर जेवायचं होतं. लोकांना परदेश बघायचा असतो, मला ती खुर्ची हवी होती.

निदान

एमआरआय झाला त्या दिवशी सर्जननी फिल्म उजेडावर धरली. मणक्यांमधल्या सगळ्या चकत्या पांढुरक्या दिसत होत्या आणि खालची एक काळी. "ही गेली," ते म्हणाले. एखादा बल्ब गेला असं सांगावं तसं. औषधं, व्यायाम, पट्टे, सुया हे सगळं माझं करून झालेलं होतं. आता उरलं होतं ते ऑपरेशन, म्हणजे दोन मणके स्क्रू घालून एकमेकांना जोडून टाकायचे.

"त्याने दुखायचं थांबेल?" मी विचारलं.

"बऱ्याच जणांचं थांबतं."

"आणि उरलेल्यांचं?"

त्यांनी फिल्म पाकिटात घातली. "त्यांचं दुखतं," ते म्हणाले. खरं बोलणारा माणूस होता. तेव्हा मला त्यांचा राग आला, पण पुढे जे जे गोड बोलणारे भेटले त्यांच्यापुढे हे परवडले.

बाहेर आल्यावर विलासने मला चहा पाजला, अर्थातच उभ्याने, टपरीवर. मला हुंदका फुटला. पन्नाशीतली बाई हातात चहाचा ग्लास धरून भर रस्त्यात रडते आहे म्हटल्यावर दोन रिक्षावाल्यांनी विचारलं, "कुठं जायचंय?"

आपल्याच घरचं सामान

नव्या उपचाराचं विलासनेच शोधून काढलं. कंबरेच्या हाडातून थोडी मज्जा काढायची, यंत्रात गरगर फिरवून तिच्यातल्या कामाच्या पेशी वेगळ्या करायच्या आणि त्या सुईने थेट खराब चकतीत सोडायच्या. म्हणजे चकतीची दुरुस्ती शरीर आपली आपणच करेल. स्क्रू नाही, धातू नाही, बाहेरचं काहीच नाही.

क्लिनिकमधले डॉक्टर तरुण होते, नम्र होते. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही, हे मुद्दाम लिहिते. ते म्हणाले, काहींना फायदा होतो, काहींना होत नाही, आणि हे शास्त्र अजून शिकतंय. पण माणूस ऐकायचं तेवढंच ऐकतो. मी 'फायदा होतो' ऐकलं आणि विलासने 'आपल्याच पेशी' ऐकलं. "आपल्याच घरचं सामान आहे, बाधायचा प्रश्नच नाही," असं तो आल्यागेल्याला सांगत सुटला.

सुया झाल्या त्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हाडातून मज्जा ओढताना एक विचित्र, आतून खेचल्यासारखी कळ येते, ती मात्र विसरता येत नाही. विलासने ते फिरणारं यंत्र काचेतून बघितलं आणि टेक्निशियनला ते मिनिटाला किती फेरे घेतं हेही विचारून घेतलं.

निघताना सूचना मिळाल्या. सुरुवातीला दुखणं वाढेल, कारण सूज म्हणजेच दुरुस्ती चालू असल्याची खूण. म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल. ताप आला तर मात्र लगेच कळवायचं. विलासने हे सगळं मान डोलावत ऐकलं. त्याला ते फारच पटलं, आणि का पटलं ते मला रिक्षातच कळलं.

"आमच्याकडे असंच असतं," तो म्हणाला. कारखान्यात वितळलेला स्फोटक मसाला तोफगोळ्याच्या कवचात ओतला की तो गार होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हलवायचं नाही, उघडून बघायचं नाही. घाई केली की आत पोकळी राहते आणि ते कवच पुढे कोणाचा तरी जीव घेतं. "ओतलं की सोडून द्यायचं. आपलं काम फक्त वाट बघायची." तीस-पस्तीस वर्षं ज्या नियमाने त्याचे दोन्ही हात शाबूत राहिले, तोच नियम त्याने माझ्या मणक्याला लावला. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

छान

पहिले काही दिवस दुखलं, मग कमी झालं. एका संध्याकाळी मी हळूच तिसऱ्या खुर्चीवर बसले. विलासने पोळी वाढली. दुसरी वाढली. मी आमटीभात खाल्ला. ताकापर्यंत पोचले नाही, पण भातापर्यंत पोचले. विलासने ऋताला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या ताटासमोर धरला. "बघ, तुझी आई बसलीय." ऋता म्हणाली, "ओ माय गॉड आई, यू आर सिटिंग!" आम्ही तिघंही मूर्खासारखे हसत होतो. ती संध्याकाळ मी अजूनही कोणाला देणार नाही.

त्यानंतर दुखणं परत आलं, आणि ते आधीचं दुखणं नव्हतं. हे नुसतं बसल्यावर नव्हे, झोपल्यावरही होतं. कूस बदलली की कंबरेतून पोटापर्यंत आकडी यायची आणि श्वास अडकायचा. शिंक येईल या भीतीने मी फोडणी द्यायची बंद केली.

क्लिनिकच्या पेशंट लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, 'नवी पालवी' नावाचा. तिथे रीतच अशी पडली होती की दुखणं ही शुभवार्ता. कोणी लिहायचं, "आज गुडघा फार ठणकतोय." खाली दहा अंगठे. "अभिनंदन काका, काम सुरू झालं!" कोणाचं दुखत नसेल तर त्याचीच लोक काळजी करायचे. मी लिहिलं, "कंबरदुखी खूप वाढली आहे, कूस बदलता येत नाही." फुलं आली, हात जोडलेले आले. कोथरूडच्या एका बाईंनी लिहिलं, "लकी आहात. मला तर काहीच होत नाहीये."

घरातही तेच. सकाळी चहा घेऊन विलास यायचा.

"दुखतंय का?"

"हो."

"छान."

रोज हेच चाललं होतं. त्यात दुष्टपणा कणभर नव्हता. उलट तो इतक्या मायेने छान म्हणायचा की मला पुढचं बोलवत नसे. काखेत थर्मामीटर लावायचा, चष्मा कपाळावर सरकवून बघायचा आणि म्हणायचा, "नॉर्मल." मी क्लिनिकला फोन केला तेव्हा तिथल्या मुलीनेही हेच विचारलं. "ताप आहे का मॅडम? नाही ना? मग नॉर्मल आहे." सगळे माझ्या तापाची वाट बघत होते आणि ताप काही येत नव्हता.

खरं सांगायचं तर मलाही ते छानच असायला हवं होतं. नाहीतर पुढे काय होतं? ते स्क्रू. आणि ती खुर्ची मला एकदा मिळून गेली होती. मी दात आवळून पडून राहायची आणि मनात म्हणायची, आत दुरुस्ती चालू आहे, तुला काय एवढं सोसवत नाही. बाथरूमला जाताना भिंतीला धरून जायची. मग भिंतही पुरेना, तेव्हा विलास पुढे आणि मी त्याच्या खांद्यांवर हात ठेवून मागे. तो म्हणायचा, "थोडंच राहिलंय." कशाचं, ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

पिशवी

ऋता एका शनिवारी सकाळी न कळवता आली. व्हिडिओवर मी हसून बोलायचे, पण तिला चेहरा बरोबर वाटला नव्हता म्हणे. मी पलंगावर उताणी होते. ती आत आली, "आई!" म्हणाली आणि खांद्यावरची पिशवी तिने माझ्या पायांशी गादीवर टाकली. कपड्यांची पिशवी, फार जड नव्हती. गादी हलली तेवढीच.

मी किंचाळले. स्वतःचा असा आवाज मी बाळंतपणातही ऐकला नव्हता.

ऋता दोन पावलं मागे सरली आणि भिंतीला टेकली. विलास स्वयंपाकघरातून धावत आला. "अगं, दुखणारच, ते नॉर्मल..." तो बोलायला लागला.

"बाबा, हे नॉर्मल नाहीये." तिने माझ्याकडे बोट केलं. "बघा तिच्याकडे. छान काय म्हणताय तुम्ही रोज? मी बॅग ठेवली फक्त. जस्ट बॅग ठेवली."

विलास माझ्याकडे बघत राहिला. मला वाटतं त्या दिवशी त्याने पहिल्यांदा थर्मामीटर सोडून मला बघितलं.

ॲम्ब्युलन्समध्ये आळंदी रस्त्याचा प्रत्येक स्पीडब्रेकर मी ओळखला. एरवी महापालिका त्यांना पट्टे मारत नाही म्हणून मी तक्रार करायची. त्या दिवशी मला प्रत्येक स्पीडब्रेकर कुठे आहे ते आधीच कळत होतं, कारण विलास पुढच्या सीटवरून ड्रायव्हरला ओरडत होता, "हळू! हळू घ्या ना भाऊ, हळू!"

मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एक चष्मेवाल्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी माझ्या कंबरेवर बोटं ठेवली, दाबलीही नाहीत, आणि लगेच काढून घेतली.

"ताप?"

"एकदाही नाही," विलास ठामपणे म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ बघतो मी."

"गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"बाकी सगळ्या बंद. फक्त पॅरासिटामॉल, दिवसातून तीन-चार वेळा."

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे बघितलं. "म्हणजे तापाची गोळी देऊन ताप आहे का ते बघत होतात?"

त्या ओरडल्या नाहीत. पण विलासचा चेहरा हळूहळू राखेच्या रंगाचा होत गेला. घाबरला की त्याच्या तोंडी वऱ्हाडी येते, एरवी नाही. तो माझ्या स्ट्रेचरपाशी वाकून म्हणाला, "एवढं दुखत होतं तर तू मले काहून नाही सांगतलं?"

मी म्हटलं, "रोज सांगत होते."

ओंडका

चकतीत जंतुसंसर्ग झाला होता. वरच्या आणि खालच्या मणक्याचं हाड जंतूंनी कुरतडलं होतं. सुई आत गेली तेव्हा तिच्याबरोबर गेले असावेत, डॉक्टरबाई म्हणाल्या. कितीही काळजी घेतली तरी क्वचित असं होतं आणि हे जंतू बहुतेक वेळा आपल्याच त्वचेवरचे असतात. मी विलासकडे बघून म्हटलं, "म्हणजे तेही आपल्याच घरचं सामान." तो हसला नाही. आता वाटतं, तसं बोलायला नको होतं, पण माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं.

मग कित्येक आठवडे शिरेतून औषध. दंडातून एक बारीक नळी थेट छातीपर्यंत घातलेली, आणि मी उताणी. बसायचं नाही, वळायचं नाही. वळवायचं असेल तेव्हा तिघी जणी यायच्या, एक खांद्याशी, एक कंबरेशी, एक पायाशी, आणि एक-दोन-तीन म्हणून मला ओंडक्यासारखं एकदम फिरवायच्या. भांडं द्यायचं, काढायचं, पुसायचं, सगळं तसंच. लाज पहिल्या दोन-तीन दिवसांत संपते. त्यानंतर फक्त त्या 'एक-दोन-तीन'मधल्या 'तीन'ची भीती उरते.

मला भीती कशाची होती? मरायची नाही. पाय जातील याची होती. रोज सकाळी डॉक्टर यायच्या आधी मी पायाचे अंगठे हलवून बघायची. हलले की गप्प पडायची. एकदा डावा अंगठा बधिर वाटला तेव्हा मी घंटा वाजवली, सगळा वॉर्ड गोळा केला, आणि निघालं काय तर पांघरूण घट्ट खोचलं होतं.

तिथे केरळची एक नर्स होती. मराठी मोडकंतोडकं. पण पलंगाला हात लावायच्या आधी ती दारातूनच सांगायची, "अम्मा, मी येते हं. आता पलंग हलणार." बाकी सगळे थेट येऊन धडकायचे. त्या एका वाक्यामुळे मला शरीर आवळून घ्यायला वेळ मिळायचा. त्या दिवसांत माझ्यावर झालेली सर्वांत मोठी दया ती होती. नातेवाइकांनी आणलेली शहाळी मला आठवत नाहीत.

क्लिनिकचे तरुण डॉक्टर भेटायला आले. येणं त्यांच्यावर बंधनकारक नव्हतं. खुर्ची असून बसले नाहीत. "फार क्वचित होतं हे," ते म्हणाले. मी म्हटलं, "हो, क्वचित म्हणजे मी." त्यांचे डोळे भरून आले. त्यांना शिव्या द्यायच्या असं मी ठरवून ठेवलं होतं, ते तसंच राहून गेलं.

शिव्या विलासला बसल्या. एका दुपारी तो मला चमच्याने वरणभात भरवत होता. पाणचट वरण, गळ्यावरून ओघळत होतं. त्याने ते रुमालाने टिपलं आणि सवयीने विचारलं, "दुखतंय का?" मी म्हटलं, "हो. म्हण ना छान." आणि मग मला थांबवता आलं नाही. "तुझ्या कारखान्यात एखादा माणूस ओरडला असता तर छान म्हणाला असतास का? दारूला जपलंस तेवढं मला जपलं नाहीस." असं बरंच काही. शेजारच्या पलंगावरच्या आजींनी भिंतीकडे तोंड केलं.

विलासने वाटी ठेवली, चमचा त्यात ठेवला आणि निघून गेला. संध्याकाळच्या भेटीच्या वेळी तो आला नाही, ऋता एकटीच आली. दुसऱ्या दिवशी दुपारी आला तेव्हा दाढी वाढलेली होती. खुर्ची पलंगाला न लावता थोडी दूर ठेवून बसला.

"आमच्याकडे आणखी एक नियम होता," तो म्हणाला. "मी सांगितला नाही तुला. कोणालाही शंका आली ना, अगदी झाडूवाल्याला, की त्याने ओरडायचं आणि काम थांबवायचं. मग शंका खोटी निघाली तरी त्याला कोणी बोलायचं नाही. मी सुपरवायझर होतो तेव्हा असे कित्येकदा सगळे बाहेर पळालोय. उगाचच. दर वेळी काही नसायचं." तो आपल्या हातांकडे बघत होता. "हा नियम मी नव्या पोरांना शिकवायचो गं. हाच मला आठवला नाही."

मला त्याला माफ केलं असं म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "खुर्ची जवळ घे, ऐकू येत नाही." त्याने ती उचलून घेतली, सरकवली नाही, पलंगाला धक्का लागू नये म्हणून.

घरी

जंतू गेले. रिपोर्टांच्या आकड्यांमध्ये मी बरी झाले. घरी आले ती छातीपासून कंबरेपर्यंत कडक पट्ट्यात. कुरतडलेले दोन मणके आपले आपणच एकमेकांना जुळून गेले, थोडे वाकडे. म्हणजे जे टाळायला एवढं केलं तेच झालं, फक्त स्क्रूशिवाय. दुखणं गेलं नाही, जागा बदलून राहिलं. खुर्चीत टेकले तर चहाचा कप संपेपर्यंत निभतं. नोकरी सोडली. कंपनीतल्या मुलांनी निरोपाला केक आणला आणि या खेपेला कोणी मला जागा द्यायला उठलं नाही, सगळेच उभे राहिले.

उपचार वाईट, असं मी म्हणत नाही. आमच्याच ग्रुपमधल्या एका काकांचा गुडघा खरोखर सुधारला, ते तळजाईची टेकडी चढतात आणि रोज फोटो टाकतात. माझं तसं झालं नाही. मी फक्त एवढंच म्हणते की सुरुवातीला दुखेल हे खरं, पण कमी होऊन पुन्हा वाढलं, वेगळं झालं, पलंगाला धक्का लागला तरी जीव गेल्यासारखं झालं, तर ताप असो नसो, उठा आणि रक्त तपासून घ्या. छान म्हणणाऱ्या माणसावर तुमचं कितीही प्रेम असलं तरी.

फोन

ग्रुप मी सोडला नव्हता, फक्त आवाज बंद केला होता. परवा संध्याकाळी ओट्याशी जेवताना सहज उघडला. एका नव्या बाईंनी लिहिलं होतं, "मानेत इंजेक्शन घेतलं. मधे बरं होतं, कालपासून असह्य दुखतंय. उशीवर डोकं ठेववत नाही." खाली फुलं, अंगठे. "अभिनंदन ताई!"

मी फोन टेबलापाशी नेऊन विलाससमोर धरला. त्याने वाचलं. हातातला घास ताटात ठेवला, डाव्या हाताने त्या बाईंचा नंबर लावला आणि फोन कानाला धरून उभा राहिला. बाईंच्या मिस्टरांनी उचलला असावा.

"तुम्ही मला ओळखत नाही," विलास म्हणाला. "तुमच्या मिसेसना आत्ता हॉस्पिटलात न्या. उद्या नाही, आत्ता. थांबू नका."

पलीकडचा माणूस काहीतरी समजावत होता. मला शब्द कळत नव्हते, पण सूर ओळखीचा होता. शांत, समजूतदार, खात्रीचा.

"हो, डॉक्टर म्हणाले असतील दुखणारच म्हणून," विलास म्हणाला. "ताप नाहीये, माहीत आहे मला. माझ्याही बायकोला नव्हता." मग त्याचा आवाज चिरकला. "अहो, ऐका ना. माझी बायको रोज सांगायची दुखतंय म्हणून. आणि मी काय म्हणायचो माहितीये? छान म्हणायचो."

 मग पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाईंचाच फोन आला. रक्त स्वच्छ निघालं होतं, एमआरआयही. मान उशीवरून अवघडली होती, एवढंच. "काही नव्हतं हो! तुमच्या मिस्टरांनी उगाच घाबरवलं आम्हाला. रात्रीची धावपळ, यांचं बीपी वाढलं. असं कोणाला घाबरवू नये," असं त्यांनी मला चांगलंच सुनावलं. मी मुकाट्याने ऐकून घेतलं. पुण्यात मला कोणी सुनावावं आणि मी गप्प राहावं असं फार वर्षांत झालं नव्हतं.

विलासला सांगितलं.  "काही नव्हतं?" त्याने पुन्हा विचारलं. "काहीच नाही." त्याने मोठा श्वास सोडला आणि पदराची चाळवाचाळव करावी तसा खांद्यावरचा नॅपकिन उगाचच नीट केला. "उगाचच पळाले म्हणजे," तो म्हणाला, आणि रडायला लागला.

रात्री जेवायला मी नेहमीसारखी ओट्याशी उभी राहिले. विलासने आपलं ताट टेबलावरून उचललं, माझ्या ताटाशेजारी ओट्यावर आणून ठेवलं आणि माझ्या बाजूला उभा राहिला.

"दुखतंय का?"

"हो."

"कुठे?" त्याने विचारलं. मी सांगायला लागले, आणि माझं सांगून होईपर्यंत त्याने पोळी मोडली नाही.